दिवाणखान्यातला समुद्र आणि शब्बाथ

पोवळ्याला आजच्या हिब्रूत ‘अल्मोग’ म्हणतात. शब्द जुना आहे. राजांच्या पहिल्या पुस्तकात, दहाव्या अध्यायात, हिरामाची जहाजे ओफीरहून सोन्याबरोबर अल्मुगाचे लाकूड आणतात आणि शलमोन राजा त्याची वाद्ये करवून घेतो. ते लाकूड कोणते यावर पंडितांत एकमत नाही. काहींनी ते चंदन मानले. आपल्याकडे मात्र पोवळे म्हटले की अंगठीतला तांबडा खडा डोळ्यांपुढे येतो. म्हणजे एका भाषेत ते लाकूड आणि दुसरीत दगड. खरे पाहता पोवळे हे जनावर आहे. त्याला तोंड आहे, पोट आहे, भूक आहे. जनावर घरात आणले की त्याच्या अन्नपाण्याचे ओझे आपल्या शिरावर येते, आणि जनावराला खायला घातल्याशिवाय आपण जेवायला बसू नये ही आपल्या शास्त्राची शिकवण सर्वांना ठाऊक आहे.

कार्डिफला आमच्या घरी माझ्या जावयांनी जिवंत पोवळ्यांची मोठी टाकी बांधली. आकडेमोड माझ्याकडे होती, कारण आयुष्यभर मी तेच शिकवले. टाकी पाहून गेलेले लोक एकच प्रश्न विचारतात: शब्बाथ पाळणाऱ्या घरात हे कसे जमते? पंप, दिवे, हीटर, मोजमापे, सगळेच विजेवर चालणारे. जमते, पण त्यासाठी टाकीची आखणीच त्या हिशेबाने करावी लागते. आमचा नियम असा होता: टाकीला तीन दिवस कोणाचाही हात लागला नाही तरी आत काही मरता कामा नये. तीन दिवस अशासाठी, की इस्राएलबाहेर सण दोन दिवसांचा असतो आणि तो शब्बाथला लागून आला की तीन दिवस सलग होतात. हल्ली बाजारात टाकीची सगळी खबर फोनवर देणारी यंत्रे मिळतात. ती चांगली आहेत, पण शुक्रवारी सूर्यास्तानंतर ज्या घरात फोन उचलला जात नाही तिथे त्यांचा काय उपयोग? तिथे यंत्रणा स्वतःच शहाणी असावी लागते.

आधी पोवळ्याला काय लागते ते पाहू. पोवळ्याच्या मांसात एकपेशीय शैवाल राहते. ते प्रकाशसंश्लेषण करून साखर तयार करते आणि पोवळ्याच्या गरजेतला फार मोठा वाटा भागवते. त्या बदल्यात पोवळे त्याला घर आणि खत पुरवते. म्हणून पोवळ्याला स्वच्छ पाणी आणि भरपूर उजेड लागतो. पाणी फार तापले तर हे शैवाल बाहेर फेकले जाते, पोवळे पांढरे पडते आणि पुढे उपाशी मरते. आपल्या कोकणातच पाहा. अलिबाग, नवगाव, रेवदंडा या आपल्या जुन्या गावांसमोरचा समुद्र खाड्यांच्या गाळाने मातकट असतो. दक्षिणेला मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती पाणी निवळ, म्हणून तिथे पोवळी दिसतात. विजयदुर्गापासून सुमारे १०५ किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक नावाचा बुडालेला उंचवटा आहे; तिथे तर प्रवाळांचे मोठे रान आहे.

कार्डिफचा समुद्र अलिबागच्याही वरताण गढूळ. सेव्हर्न नदीच्या मुखाशी भरती-ओहोटीतला फरक १४ मीटरपर्यंत जातो, जगातल्या सर्वांत मोठ्या फरकांपैकी हा एक, आणि त्या रेट्यात तळाचा चिखल सतत ढवळला जातो. शहरातला कार्डिफ बे तर १९९९ मध्ये बांध पुरा झाल्यापासून गोड्या पाण्याचा तलाव झाला आहे. समुद्र दाराशी आहे, बादली घेऊन जा, असे सांगणारे भेटतात. त्या पाण्याचा टाकीला काही उपयोग नाही.

आता वजन. आमची टाकी १८० सेंटीमीटर लांब, ७५ रुंद आणि ६५ उंच. घनफळ ८७७ लिटर; दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता ८०० लिटर पाणी. काच १५ मिलिमीटर जाडीची. एक चौरस मीटर काच दर मिलिमीटरला अडीच किलो भरते, त्या हिशेबाने नुसती काच १७५ किलो. खालची दुय्यम टाकी, तिच्यातले २०० लिटर पाणी, दगड, वाळू, लोखंडी चौकट हे सगळे धरून बेरीज १,४०० किलोंच्या पुढे गेली. म्हणजे जवळजवळ तीन म्हशी सव्वा चौरस मीटरवर कायमच्या उभ्या. ब्रिटनमध्ये घराच्या जमिनीचा आराखडा करताना माणसे आणि सामान यांसाठी साधारणपणे चौरस मीटरला दीडशे किलो भार धरतात. कार्डिफमधल्या जुन्या चाळवजा घरांत पुढच्या खोल्यांना लाकडी तक्तपोशी असते आणि तिच्याखाली पोकळी. तिथे ही टाकी ठेवणे म्हणजे घराची परीक्षा पाहणे. आम्ही ती मागच्या वाढीव खोलीत ठेवली. तिथली जमीन काँक्रीटची, थेट मातीवर बसलेली आहे. वरच्या मजल्यावर किंवा लाकडी जमिनीवर ठेवायची असेल तर आधी बांधकाम अभियंत्याला पैसे द्यावेत आणि त्याचे ऐकावे. काच मागवण्यापूर्वी दारांची रुंदी मोजावी, हेही सांगून ठेवते. ऐकायला हास्यास्पद वाटते, पण टाकी वाकत नाही.

पाण्याची गोष्ट मला सर्वांत आवडते. कार्डिफला पाणी ब्रेकन बीकन्सच्या डोंगरांतून येते. टाफ फॉर नदीवर शहराच्या नगरपालिकेने १८९२ ते १९२६ या काळात तीन जलाशय बांधले. पाणी मऊ, चहाला उत्तम. तरीही ते तसेच टाकीत चालत नाही. ब्रिटनमध्ये बहुतेक ठिकाणी नळाच्या पाण्यात थोडे फॉस्फेट मुद्दाम मिसळतात, कारण जुन्या घरांतल्या शिशाच्या नळ्यांना आतून त्याचा थर बसतो आणि शिसे पाण्यात उतरत नाही. माणसाला हे हितकारक आहे. पण पोवळ्याच्या टाकीत फॉस्फेट लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आत हवे. त्याहून फार वाढले की शेवाळ माजते आणि पोवळ्याचा सांगाडा नीट बांधला जात नाही. म्हणून नळाचे पाणी आधी आरओच्या पडद्यातून आणि मग रेझिनमधून गाळायचे. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर वाया जाते. ते आम्ही पिंपात साठवून बागेला घालतो.

त्या शुद्ध पाण्यात समुद्राचे तयार मीठ लिटरला ३५ ग्रॅमच्या हिशेबाने मिसळतात. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही; समुद्रात सोडियमखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि इतर बरेच काही असते. एलातच्या वाचकांनी लक्षात घ्यावे की तांबड्या समुद्राचे पाणी याहून खारट, ४० ग्रॅमच्या आसपास असते. टाकीतून रोज साधारण दहा लिटर पाणी वाफ होऊन जाते. मीठ मात्र मागे राहते, आपल्या मिठागरात राहते तसे. म्हणून रोज गोड्या पाण्याची भर घालावी लागते, आणि हे काम तरंगता गोळा व छोटा पंप करतो. आता आमचा नियम लावा. तीन दिवसांचे तीस लिटर लागतात, तेव्हा गोड्या पाण्याचा साठा तीस लिटरचाच ठेवला. आणि गोळा अडकून हे सगळे पाणी एकदम टाकीत गेले तर? हजार लिटरमध्ये तीस लिटरची भर पडली तर खारटपणा ३५ वरून ३४ वर येईल. पोवळ्यांना ते सोसते. शंभर लिटरचा साठा सोयीचा वाटतो, पण तो अडकला तर खारटपणा ३२च्या खाली जाईल आणि खोलीत पाणी होईल ते वेगळेच. साठा लहान ठेवणे हीच इथे सुरक्षितता.

खालच्या दुय्यम टाकीत गाळण, हीटर आणि फेस काढणारे यंत्र असते. वरण उकळताना वर फेस येतो आणि आपण तो काढून टाकतो. हे यंत्र बारीक हवेच्या बुडबुड्यांनी तेच करते, पाण्यातली घाण फेसाबरोबर एका कपात जमा होते. कप भरला की यंत्र बंद करणारा खटका लावून घ्यावा. पाणी वरच्या टाकीतून पाइपांनी खाली येते आणि पंपाने पुन्हा वर जाते. पाइप तीन हवेत. एक नेहमीचा, दुसरा थोडे जादा पाणी वाहून नेणारा, तिसरा एरवी कोरडा, पहिले दोन गोगलगाय अडकून तुंबले तर उपयोगी पडणारा. वीज गेली की पंप थांबतो, पण वरचे पाणी काठापर्यंत उतरेतो खाली येतच राहते. आमच्या टाकीत एक सेंटीमीटर पाणी म्हणजे साडेतेरा लिटर. दोन सेंटीमीटर उतरले आणि पाइपांतले मिळाले की चाळीस लिटर होतात. खालच्या टाकीत तेवढी जागा कायम रिकामी हवी. आम्ही साध्या पाण्याने टाकी भरून आठवडाभर ठेवली आणि रोज दोनदा मुद्दाम बटण बंद करून जमीन कोरडी राहते का ते पाहिले. जावयांनी सहाव्या दिवशी विचारले, “आई, अजून किती वेळा?” मी म्हटले, शाळेत प्रयोग एकदा यशस्वी झाला म्हणून कोणी वहीत निष्कर्ष लिहीत नाही.

विजेबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण टाक्या बहुधा तिथेच मरतात. पोवळ्यांना २५ ते २६ अंश सेल्सिअस तापमान लागते. एक मोठा हीटर घेण्याऐवजी ३०० वॅटचे दोन घ्यावेत. एक बंद पडला तर दुसरा टाकी एकदम थंड होऊ देत नाही. एक चालूच राहिला तरी एकट्याच्या अंगात हजार लिटर झटपट उकडण्याचा जोर नसतो. हजार लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. हाच हिशेब उलटा केला तर मोठ्या टाकीचा फायदा कळतो: हिवाळ्यात वीज गेली तर आमच्या टाकीचे तापमान चार-पाच तासांत एखादा अंश उतरते. शंभर लिटरची टाकी त्याहून बरीच लवकर तेवढी उतरेल. नवशिक्याने लहान टाकीपासून सुरुवात करावी असे सगळे सांगतात. खर्चाच्या दृष्टीने ते ठीक असेल, पण चुकांना माफी देण्याच्या बाबतीत मोठी टाकीच बरी.

तापमानापेक्षा प्राणवायूची घाई असते. पाणी हलायचे थांबले की काही तासांतच मासे धापा टाकू लागतात. म्हणून पाणी फिरवणाऱ्या दोन पंपांपैकी एक १० वॅटचा आहे आणि तो बॅटरीला जोडलेला आहे. १२ व्होल्टची, ४० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर ४८ तास पुरते. प्रत्यक्षात तीस धरावेत. शब्बाथ पंचवीस तासांचा. शिवाय सगळी उपकरणे एकाच फ्यूजवर ठेवू नयेत. खाऱ्या पाण्यात ओलीशी गळती झाली की सुरक्षेचा खटका पडतो, आणि पडलेला खटका शनिवारी सकाळी आपण उचलणार नसतो. निम्मी उपकरणे एका खटक्यावर, निम्मी दुसऱ्यावर ठेवली की निदान अर्धी टाकी चालू राहते. वायर सॉकेटकडे नेताना आधी खाली झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळलेले पाणी सॉकेटात न जाता खाली ठिबकते.

उन्हाळ्याची भीती इथे कमी, पण जुलै २०२२ मध्ये वेल्समध्ये ३७.१ अंशांपर्यंत पारा गेला होता. तेव्हा पाण्यावर पंखा सोडावा. पाण्याची वाफ होते आणि टाकी माठासारखी थंड राहते. अर्थात गोड्या पाण्याची भर त्या दिवसांत जास्त लागते. इस्राएलमध्ये मात्र पंख्याने भागणार नाही, तिथे पाणी थंड करणारे यंत्रच हवे.

दिवे निळसर एलईडीचे, दिवसाला नऊ तास, वेळ लावून ठेवलेली. रात्री फारच मंद चांदणे. हे चांदणे शोभेसाठी असते असे लोक समजतात, पण समुद्रात बऱ्याच जातींची पोवळी चंद्राच्या तिथीवर अंडी सोडतात, पौर्णिमेनंतरच्या ठरावीक रात्री, सगळी एकाच वेळी. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयातील मत्स्यालयाने ऋतू, सूर्य आणि चंद्र यांची नक्कल करून बंद टाकीत पोवळ्यांना हे करायला लावले. याच्या उलट, तेल अवीव विद्यापीठाच्या तोम श्लेसिंगर आणि योसी लोया यांनी २०१९ मध्ये दाखवून दिले की एलातच्या आखातात काही जातींचे हे वेळापत्रक बिघडले आहे. अंडी वेगवेगळ्या रात्री सुटतात आणि नवी पिल्ले दिसत नाहीत. आपले सगळे सण चंद्रावर चालतात. चंद्र चुकल्यावर काय होते हे आपल्याला समजावून सांगायला नको.

पोवळे आपला सांगाडा चुन्याचा बांधते, आणि तो चुना पाण्यातून घेते. पाण्यातली कार्बोनेट क्षारता ‘अंशां’त मोजतात. रोज एक अंश उतरत असेल तर हजार लिटरच्या टाकीतली पोवळी रोज अठरा ग्रॅम चुनखडी बांधत आहेत असा हिशेब निघतो. तेवढे कॅल्शियम आणि कार्बोनेट रोज परत घालावे लागते. त्यासाठी सलाइनसारखे थेंबाथेंबाने सोडणारे दोन छोटे पंप असतात. बाटल्या महिनाभर पुरतात. दोन्ही द्रावणे एकाच जागी पडू देऊ नयेत, नाहीतर चुना पाण्यातच गोठतो. क्षारता दर गुरुवारी मोजावी. शुक्रवारी काही बदलू नये. बदलाचा परिणाम दिसेपर्यंत शब्बाथ लागलेला असतो.

टाकी भरल्यावर लगेच मासे सोडायचे नसतात. दगडांवर जिवाणू वसायला पाच-सहा आठवडे जातात. ते माशांनी बाहेर टाकलेल्या विषारी अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पोवळी त्याहून सावकाश, तीन-चार महिन्यांनी.

खाण्याबद्दल शुल्हान आरुखमध्ये भेद केला आहे: ज्या प्राण्यांचे पोट आपल्यावर अवलंबून आहे त्यांना शब्बाथला खायला घालता येते, जे स्वतः शोधून खातात त्यांना नाही. टाकीतले मासे पहिल्या वर्गातले, हे उघड आहे. मेलेला मासा शब्बाथला उचलण्याचा प्रश्न मात्र वेगळा आहे, तो आपापल्या रब्बींना विचारावा. मोठ्या टाकीत खेकडे आणि गोगलगाई तो बहुधा आपल्याआधी निकालात काढतात. दावीद राहाबींनी आपल्या पूर्वजांची परीक्षा पाहिली, तेव्हा बायकांनी पर आणि खवले नसलेले मासे बाजूला काढले, ही गोष्ट आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकली आहे. त्या बायका आमची टाकी पाहतील तर निम्मी टाकी बाजूला काढतील. कोळंबी, खेकडे, शंख, शिंपले, सगळेच निषिद्ध. पण ते खाण्यासाठी नाहीत, झाडलोटीसाठी आहेत.

अनाशी ढाकायच्या सणाला मात्र लक्ष द्यावे लागते. माशांच्या कोरड्या खाद्यात गोळी बांधण्यासाठी बऱ्याचदा गव्हाचे पीठ किंवा ग्लुटेन असते. पेसाखमध्ये हामेत्स आपण खायचे नाही एवढेच नाही, त्याचा कोणताही उपयोग करून घ्यायचा नाही. म्हणजे माशांनाही घालता येत नाही. आठ दिवस आम्ही गोठवलेले मायसिस, आर्टेमिया आणि नोरीचे समुद्री शेवाळ देतो. आर्टेमिया हा मिठागरांच्या खाऱ्या पाण्यात होणारा बारीक जीव. तो आपल्याला खायला वर्ज्य, पण जनावराला घालायला हरकत नाही. सणाच्या दोन आठवडे आधीच सवय लावावी; काही मासे नवे अन्न पाहून तोंड फिरवतात.

एक धोका स्पष्ट सांगितलाच पाहिजे. झोअँथिड जातीच्या काही मऊ पोवळ्यांत पॅलिटॉक्सिन नावाचे अत्यंत तीव्र विष असते. २०१८ मध्ये ऑक्सफर्डशरमधल्या स्टीव्हेंटन गावी टाकीतले पोवळे साफ करताना हे विष हवेत पसरून एका घरातली माणसे रुग्णालयात दाखल झाली होती. टाकीतला दगड कधीही उकळू नये, त्यावर गरम पाणी ओतू नये, कोरड्या ब्रशने घासू नये. हातमोजे आणि चश्मा हवाच. घरात नातवंडे असतील तर ही जात आणूच नये. आम्ही आणली नाही.

पोवळी आणायची कुठून? इथे ब्रिटनमध्ये टाक्यांतच वाढवलेली मिळतात. मोठ्या पोवळ्याची बोटभर फांदी कापून छोट्या चकतीवर चिकटवतात आणि ती वाढते, जास्वंदीच्या फांदीसारखी. आमच्याकडची सगळी अशीच आहेत, समुद्रातून आणलेले एकही नाही. मासेही टाकीत पैदास झालेलेच घेतले. विदूषक मासा सहज मिळतो. मुंबई-ठाण्याच्या आप्तांनी मात्र हा लेख वाचून कामाला लागू नये. भारतात सर्व कठीण पोवळी, काळी पोवळी आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे ज्या यादीत वाघ आहे तिच्यात. २०२० मध्ये मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी हाजीअली आणि वरळीच्या खडकांवरून मोजक्या वसाहती हलवायच्या होत्या, तर त्यालाही वनखात्याची परवानगी लागली आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ते काम केले. हाजीअलीच्या गढूळ पाण्यातही पोवळी तग धरून आहेत, हे मला तेव्हा प्रथमच कळले. इस्राएलमध्येही पोवळ्यांना कायद्याचे संरक्षण आहे; एलातच्या किनाऱ्यावरून तुकडा उचलून आणू नये.

आमच्या मीटरवर टाकीचा खर्च दिवसाला दहा-अकरा युनिट पडतो. आठवड्याला तीन-चार तास माणसाचे जातात, आणि सुट्टीवर जायचे तर टाकी समजणारा कोणी शेजारी लागतो. एवढा व्याप नको असेल त्यांनी कार्डिफला आल्यावर राष्ट्रीय संग्रहालयाची चौकशी करावी. बाप-लेक लिओपोल्ड आणि रुडॉल्फ ब्लाश्का यांनी एकोणिसाव्या शतकात काचेचे फुंकून केलेले समुद्रफूल, जेलीफिश आणि पोवळ्यांचे भाऊबंद त्यांच्या संग्रहात आहेत. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. तिथून गाडीने ऑगमोर-बाय-सी या गावी गेलात तर ओहोटीच्या वेळी खडकांत बोटाएवढी आणि हाताएवढी दगड झालेली पोवळी उघडी दिसतात. तीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेल्स विषुववृत्ताजवळ उथळ, उबदार समुद्राखाली होते, त्या काळची ती आहेत. जाताना भरतीचे वेळापत्रक बघून जावे. पाणी तिथे फार वेगाने चढते.